उलट्या लवेची मखमल

सन दोन हजार पंचवीस, आणि मी सत्त्याहत्तर वर्षांचा. हैदराबादला, काचीगुड्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून एका कोटाचं काज करत होतो, तेव्हा फोन आला. मनोहरची मुलगी सुनंदा बोलत होती. "किसनकाका, बाबा गेले." मी विचारलं, "कसा गेला?" ती म्हणाली, "झोपेत. सकाळी चहाला उठवायला गेले तर..." आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला ते लिहितो, कारण खोटं लिहायचं तर लिहूच कशाला. मनात आलं, मरणसुद्धा याला बेतशीर मिळालं. कुठं चुणी नाही, कुठं झोळ नाही. माझी बायको चार वर्षं अंथरुणाला खिळून गेली, माझे गुडघे जिना बघितला की रडतात, आणि हा झोपेत गेला. काज अर्धं राहिलं होतं. ते पुरं केलं, दोरा तोडला, मग चपला घातल्या.

वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या बाई म्हणाल्या, तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने मित्र, तुम्हीच लिहा. माझी शाळा चौथीपर्यंत, जामबागेत, आणि चौथीतही शेवटच्या बाकावर. तेव्हा चुकलंमाकलं समजून घ्या. पण 'मित्र' हा शब्द बाईंचा आहे. मी मनोहरवर पन्नास वर्षं जळलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाची फसवणूक व्हायला नको. एकाच गल्लीतले आम्ही, दोघंही शिंप्यांची मुलं. तो माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान. लहानपणी पतंग मी उडवायचो आणि चक्री तो धरायचा. ती चक्री माझ्या हातात कधी आली ते मला कळलंच नाही.

आबिड्सच्या मोठ्या रस्त्याला लागून एका बोळात शेरवान्यांचं दुकान होतं. आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. दुकानाचे कटिंग मास्तर इस्माईल उस्ताद. मी तिथं चौदाव्या वर्षी लागलो आणि मनोहर तीन वर्षांनी आला, तो मॅट्रिक होऊन, चित्रकलेची परीक्षा देऊन. कात्री कशी धरायची ते त्याला मी शिकवलं. अंगठा कडीत किती घालायचा, खालचं पातं टेबलावरून उचलायचं नाही, कापड कात्रीकडं ओढायचं नाही, कात्रीनं कापडाकडं जायचं. नऊ वर्षं तो माझ्या डाव्या हाताला बसला. आज लोक त्याला गुरू म्हणतात, डिझायनर म्हणतात. म्हणोत. पण त्याच्या हातात पहिली कात्री दिली ती या हातानं, एवढं छापून यायला हवं.

उस्ताद टेपला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला दारापासून आरशापर्यंत दोनदा चालायला लावत. आम्हाला हळूच म्हणत, "टेप बाद में, मियाँ. पैले आदमी कू देखो. कौनसा कंधा झुकरा, पेट छुपारा क्या, देखो." हे ते मला सांगत होते. मनोहर शेजारी बसून ऐकत होता. पुढं चाळीस वर्षांनी त्यानं तेच नव्या पोरांना सांगितलं, 'मोजण्याआधी बघा', आणि पोरांनी ते वहीत लिहून घेतलं. ऐकलेलं लक्षात ठेवणं हा काय मोठा गुण झाला? ... झाला असेल. मी त्यातलं निम्मं विसरून गेलो होतो.

रविवारी दुकान बंद असायचं. मी सिनेमाला जायचो. मनोहर जुन्या कपड्यांच्या ढिगातून एखादा फाटका विलायती कोट उचलून आणायचा आणि गच्चीवर बसून तो टाका टाका उसवायचा. शिवायचा नाही, नुसता उसवायचा. खांद्याच्या आत किती थर आहेत, कॉलरच्या खाली टाके कुठं घट्ट आहेत आणि कुठं मुद्दाम सैल सोडलेत, हे कागदावर काढून ठेवायचा. मी म्हटलं, "मन्या, जग शिवून शिकतं, तू उसवून शिक." तो मान वर न करता म्हणाला, "किस्न्या, शिवणारा बाहेरून थाप मारू शकतो, आतून नाही मारता येत. आतून बघायला नको?" मी म्हटलं, "तुला वेळ आहे बाबा. आम्हाला संसार आहे." खरं तर तेव्हा माझंही लग्न झालेलं नव्हतं.

आणि सकाळी कामावर जाण्याआधी हा काचीगुडा स्टेशनवर जाऊन बसायचा. गाडी पकडायला नव्हे, माणसं काढायला. ट्रंक उचलताना काखेत कापड कुठं ताणतं, उकिडवं बसलं की पाठीला चुण्या कुठं पडतात, म्हातारा माणूस एक हात सारखा खिशात का ठेवतो. एकदा मलाही घेऊन गेला. वही दिली, पेन्सिल दिली. मी समोरच्या बाकावरचा एक म्हातारा काढला, तो मडक्यासारखा आला. मनोहरनं बघितलं आणि तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं पेन्सिलीनं माझ्या मडक्याला एक रेघ दिली, खांद्याची, आणि त्या मडक्यात माणूस दिसायला लागला. मी म्हटलं, "चल, उशीर होतोय." पुन्हा कधी गेलो नाही.

आता त्या शेरवानीबद्दल सांगतो, जिच्यामुळं हे सगळं झालं.

नवरदेव चांगला सहा फुटी होता. मखमल त्याच्या भावानं दुबईहून आणलेली, मोरपंखी रंगाची. तसली हैदराबादेत मिळण्यातली नव्हती. आणि कापड पाव मीटर कमी. उस्ताद त्या आठवड्यात तापानं घरी पडलेले. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, भाईजान, कापड पुरत नाही, बाह्यांना दुसरं काही बघू. मी म्हटलं, बसवतो. तेवढंच तर माझं नाव होतं दुकानात. कमी कापडात बसवायचं ते किसननं.

मखमलीला लव असते. हात एका बाजूनं फिरवला की गार, मऊ लागतो, उलटा फिरवला की अडतो. सगळे भाग लवेच्या एकाच दिशेनं कापायचे, हा पहिल्या वर्षाचा धडा. एक भाग उलटा लागला तर उजेडात त्याचा रंगच निराळा दिसतो. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण पुढचा डावा पल्ला, म्हणजे डाव्या छातीवरून खाली गुडघ्यापर्यंत येतो तो भाग, उलटा ठेवला तर सगळं चोख बसत होतं. सुलटा ठेवला तर एका बाहीला कापड उरत नव्हतं. मी टेबलावर वाकून पाहिलं. वर एकच ट्यूब. कापड आडवं पसरलेलं. मला फरक दिसला नाही. म्हणजे... मी तो बघितला नाही. मनाशी म्हटलं, एवढी लव कोण बघायला बसलंय. आणि कापला.

ट्रायलला नवरदेव भर दुपारी आला. कच्च्या टाक्यांची शेरवानी अंगात घातली, आरशात बघितलं, खूश झाला. मग आणखी नीट बघावं म्हणून दाराशी गेला, उजेडात. छातीचा उजवा भाग उजळ, डावा काळपट. अर्ध्या माणसावर ढगाची सावली पडावी तसं. नवरदेव खाली बघत म्हणाला, "ये क्या है मास्टर साब? आधा मैला दिखरा." लग्न चौथ्या दिवशी. तेवढ्यात मनोहर उठला, तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि अगदी गार आवाजात म्हणाला, "अभी आधाइच काम हुआ है भाईजान. परसों आना, पूरा देखना."

नवरदेव गेला. मनोहरनं शेरवानी खुंटीला टांगली आणि तो तिच्यासमोर तासभर नुसता उभा राहिला. मी म्हटलं, "काय बघतोस? वाटोळं झालं ते झालं." तो म्हणाला, "कातरणं टाकून दिलीस का?" कातरणं होती. मी कधी टाकत नाही. त्यानं कॉलर उसवली आणि कातरणातून उलट्या लवेची नवी कॉलर कापली. बाह्यांच्या टोकांना चार बोटं रुंदीच्या उलट्या लवेच्या पट्ट्या दिल्या. आणि माझ्या त्या काळपट पल्ल्यावर खिशाला मात्र सुलट्या लवेचं झाकण लावलं, चांदीच्या पातळ गोटाचं. म्हणजे आता गडद रंग एकाच जागी राहिला नाही. गळ्याशी, मनगटाशी, छातीवर असा फिरत गेला. जणू विणणाऱ्यानंच दोन रंग घातले होते. मी त्याला कातरणं काढून देत होतो. एवढंच माझं काम.

वरात दिवसाउजेडी निघाली. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होतो. नवरदेव हलला की मखमल एकदा उजळायची, एकदा मिटायची. त्यानंतर वर्षभर शहरातल्या निम्म्या नवरदेवांना 'वो दो रंग वाली' शेरवानी हवी होती. मालकांनी मनोहरला वेगळं टेबल दिलं, मग दाराजवळची जागा दिली. उस्ताद बरे होऊन आले, शेरवानीचा फोटो हातात धरून बराच वेळ बसले. त्यांना सगळं कळलं होतं. माझ्याकडं बघून म्हणाले, "काटनेवाला तू, सोचनेवाला इने." इने म्हणजे हा, मनोहर. ते रागानं म्हणाले नव्हते. तरी ते वाक्य माझ्या कानात अजून आहे.

लोक मनोहरला विचारायचे, हे सुचलं कसं? तो म्हणायचा, "चुकून." लोकांना वाटायचं, किती हा विनय. कुणाची चूक ते तो कधी बोलला नाही. दोन वर्षांत त्यानं स्वतःचं दुकान काढलं, पाटीवर आधी 'टेलर' होतं, मग 'डिझायनर' झालं. आणि मी घरोघर म्हणत राहिलो, म्हणजे मनातल्या मनात, की चूक माझी आणि नाव याचं. तो पल्ला मी उलटा कापला नसता तर मनोहर आयुष्यभर माझ्या डाव्या हाताला बसून पायजमे कापत राहिला असता. पण हे मोठ्यानं सांगायचं तर आधी 'चूक माझी' म्हणावं लागतं. तिथं माझी जीभ अडायची. पन्नास वर्षं अडली.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगतो. माझ्या शोभाचं लग्न ठरलं. जावई चांगला, नोकरदार. त्यानं शेरवानी कुणाकडं टाकावी? मनोहरकडं. सासरा या शहरातला कटिंग मास्तर, आणि जावई दुसऱ्याच्या दुकानात माप द्यायला! शोभा रडकुंडीला आली. "बाबा, त्यांना माहीत नव्हतं हो." आठ दिवसांनी मनोहर स्वतः घरी आला, अर्धी झालेली शेरवानी हातावर घेऊन. शोभाच्या आईनं चहा ठेवला.

तो म्हणाला, "किस्न्या, कॉलर तू लाव."

"का? तुझे हात मोडलेत?"

"तुझ्यासारखी कॉलर मला येत नाही. मानेला कशी चिकटून राहते ती."

"मी कुणाचं उरलेलं काम करत नाही."

"उरलेलं नाही रे, राखून ठेवलेलं आहे."

"चहा घे आणि जा."

त्यानं चहा घेतला आणि तो गेला. लग्नात जावयाच्या अंगावर मनोहरची कॉलर होती. अख्ख्या लग्नात मी मुलीचं तोंड बघितलं नाही, जावयाच्या मानेमागं बघत होतो. आणि सापडली. मागच्या बाजूला, केसांच्या खाली, सुताएवढी पोकळी. मला इतका आनंद झाला की वहिनी, म्हणजे मनोहरची बायको, म्हणाली, "भावोजी, मुलगी सासरी चाललीय आणि तुम्ही हसताय काय?" आज त्या हसण्याची लाज वाटते. पण पोकळी होती, हेही खरं आहे.

साठी उलटल्यावर मनोहरनं दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि आबिड्सलाच, पोस्टाच्या मागच्या बाजूला, एका वरच्या मजल्यावर पोरांना शिकवायला लागला. कॉलेजात डिझाइन शिकलेली पोरं यायची, ज्यांना कागदावर सगळं येतं आणि कापडावर काही येत नाही. काही तेलुगू, काही जुन्या शहरातली, काही पुण्या-मुंबईकडच्या मुली, नवरे कंप्युटरमध्ये. त्यातलीच एक नेहा, पुण्याची. चुणचुणीत पोरगी. शेवटची दहा वर्षं तीच सगळं बघत होती. मी तिथं कधी पाऊल ठेवलं नाही. मनोहरनं तीनदा बोलावलं, मी तीनदा गुडघ्यांचं नाव सांगितलं.

तेराव्यानंतरच्या रविवारी त्या वरच्या मजल्यावर शोकसभा ठेवली होती. सुनंदानं गाडी पाठवली, म्हणून गेलो. जिना चढताना दोनदा थांबलो. आत शंभरेक माणसं असतील. समोरच्या भिंतीवर मोठा फलक. डिझायनर म्हणून वाढायचं तर काय करावं, ते मास्तर, म्हणजे मनोहर, जसं सांगायचे तसं नेहानं मोठ्या अक्षरांत लिहून काढलं होतं. मी चष्मा लावून सावकाश वाचलं. 'मोजण्याआधी बघा' होतं. उस्तादांचं. 'चांगलं शिवलेलं उसवून बघा' होतं. 'रोज एक रेघ हातानं काढा', ती स्टेशनवरची. एका ओळीत होतं, 'आपल्यापेक्षा चांगला हात शोधा आणि त्याच्या शेजारी बसा.' ही ओळ मी दोनदा वाचली आणि पुढं सरकलो. आणि सगळ्यात खाली, 'कापड उजेडात न्या. चूक दिसली तर लपवू नका, तिला जागा करून द्या.' त्याच्याखाली त्या मोरपंखी शेरवानीचा फोटो, हा एवढा मोठा करून लावलेला. पन्नास वर्षांनी माझा पल्ला माझ्यासमोर.

नेहा बोलायला उभी राहिली. म्हणाली, मास्तरांच्या डिझाइनची सुरुवात या शेरवानीपासून झाली. लोकांनी माना डोलावल्या. मग ती म्हणाली, "मास्तरांचे बालमित्र किसनकाका आलेत, ते दोन शब्द बोलतील." मी उठलो. मनात ठरवून आलो होतो, म्हणायचं, चांगला माणूस होता, देव त्याला शांती देवो, आणि बसायचं. पण तो फोटो माझ्या डाव्या खांद्याशीच होता. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मनोहर गेला. आता मी गेलो की तो पल्ला कायमचा त्याचा.

मी म्हटलं, "हा डावा पल्ला आहे ना, हा मी कापला. मनोहरनं नाही. उलटा कापला. आणि चुकून नाही कापला, माजानं कापला. कापड कमी होतं आणि मला दाखवायचं होतं की मी बसवतो. त्यानं नंतर जे केलं ते त्याचं. पण पल्ला माझा आहे."

मला वाटलं, झालं, मेलेल्या माणसाच्या सभेत म्हातारा भांडायला आला, असं म्हणतील. मग मागच्या रांगेतली एक मुलगी, फातिमा नावाची, उभीच राहिली. "दादा... वो आपइच हैं?" आणि मग एकेक करत सगळीच पोरं उठून माझ्याकडं बघायला लागली, लग्नात नवरदेव आला की उठतात तशी.

मी नेहाला विचारलं, "ही काय भानगड?"

ती म्हणाली, "काका, मास्तर दरवर्षी पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगायचे. माझ्या एका दोस्तानं हा पल्ला उलटा कापला होता, पण कड अशी कापली होती की एक दोरा सुटलेला नव्हता. म्हणायचे, असा कापलेला भाग फेकायला माझा हात धजेना, म्हणून मला डोकं चालवावं लागलं. आम्ही दरवर्षी विचारायचो, कोण तो दोस्त? तर म्हणायचे, नाव सांगायला बंदी आहे."

मला राग आला. खरा राग. "कुणाची बंदी? कोण बंदी घालणार त्याला?"

सुनंदा पहिल्या रांगेत बसली होती. ती हळूच म्हणाली, "तुमचीच, काका."

आणि मला आठवलं. वरातीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही इराण्याच्या हॉटेलात बसलो होतो. चहा गार झाला होता. मी मनोहरचं मनगट धरून म्हटलं होतं, "मन्या, माझं नाव कुठं काढलंस तर तुझी माझी बोलचाल बंद. आईची शपथ घे." त्यानं घेतली होती. ताबडतोब, एकही प्रश्न न विचारता. मी ते विसरलो होतो. विसरलो होतो की विसरायचं ठरवलं होतं, ते आता कुणी उसवून बघावं? पन्नास वर्षं मी मनात म्हणत आलो की यानं माझं नाव गिळलं. तो पन्नास वर्षं शब्द पाळत होता.

तुम्हाला वाटेल, तिथं माझी जळजळ संपली. नाही संपली. उलट वाढली. मी आयुष्यात एकदा हिंमत करून उभा राहिलो, आणि माझी गोष्ट हा आधीच सांगून बसला होता. दरवर्षी. माझ्यापेक्षा चांगली. माझ्या चुकीतली चांगली बाजूसुद्धा त्यानंच शोधून ठेवली होती, ती कडेची, जी मी स्वतः कधी बघितली नव्हती. मी खुर्चीत येऊन बसलो आणि बराच वेळ खिशात रुमाल शोधत राहिलो. बघा म्हणावं आता, म्हातारा एक हात खिशात का ठेवतो ते.

सभा संपली. चहा, बिस्किटं झाली. पोरं मला सोडेनात. कड कशी कापायची, लव कशी ओळखायची, खडू की साबणाची वडी. नेहा बाजूला येऊन म्हणाली, "काका, उद्यापासून नवे दहा जण येतायत. मखमल कापायला शिकवणारं आता कुणी नाही. मला स्वतःला भीती वाटते तिची."

मी म्हटलं, "मी कुणाच्या जागेवर उभा राहत नाही."

"जागा कुणाचीच नाही हो. टेबल आहे नुसतं."

टेबल खिडकीपाशी होतं. लांब, गुळगुळीत, कडेला टेपच्या खुणा कोरलेल्या. निघता निघता मी त्याच्यापाशी गेलो आणि दोन्ही हात वर ठेवले. खांदे कानाशी आले. मनोहर माझ्याहून चार बोटं उंच, आणि टेबल त्यानं स्वतःच्या मापानं सुताराकडून करून घेतलेलं. त्याच्या हातांना जिथं सुख वाटेल तिथं त्याची उंची. फातिमानं बघितलं. म्हणाली, "दादा, नीचे से काट के छोटा करादूँ क्या? बढई कू बोल देती मैं."

मी म्हटलं, "हात नक्को लगाना उस टेबल कू." जरा जोरातच म्हणालो. आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, देवापुढं दिवा लावला. सून विचारत होती, उपमा करू की पोहे. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकवलेला जेवायचा पाट उचलला. जुना सागवानी, जाड पायांचा. बोटांनी मोजून बघितला. चार बोटं भरला. माझी कात्री कापडात गुंडाळून पिशवीत घातली. सून म्हणाली, "बाबा, कुठं निघालात पाट घेऊन?" मी म्हटलं, "येतो." रिक्षावाल्यानं पाटाकडं बघितलं आणि हसून विचारलं, "पेळ्ळा, तातय्या?" म्हणजे, आजोबा, लग्न आहे का. मी म्हटलं, "नाही रे बाबा, कामाला चाललोय."

जिना चढायला दहा मिनिटं लागली. वर सगळी आलेली होती. नेहा धावत पुढं आली, पाट घ्यायला. तिला म्हटलं, लांब हो. टेबलाच्या पलीकडं जाऊन पाट खाली ठेवला, तो डुगडुगत नाही ना ते पायानं बघितलं, आणि टेबलाची कड धरून वर चढलो. हात खाली टेबलावर सोडले. बरोबर बसले.